डांबून ठेवलेला धूर

“डांबून कोनाले ठेवलं जी?”

सरपंच हिवराज लंजे यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा नवा रस्ता अजून गरम होता आणि उपगन्लावार सरांचं भाषण नुकतंच रंगात आलं होतं. सर हाडाचे मास्तर. कोणी शंका विचारली की त्यांना पेढा मिळाल्याचा आनंद व्हायचा.

“कार्बनला!” सर म्हणाले. “बघा, धान कापल्यावर उरलेला पेंढा, म्हणजे तुमचं तणस, तुम्ही जाळता. त्यातला कार्बन धूर होऊन आभाळात जातो आणि हवा तापवतो. आम्ही काय केलं? तुमचंच तणस नेलं, बंद भट्टीत तापवून त्याचं तेल काढलं आणि डांबरात मिसळलं. जो धूर आभाळात जायचा, तो या रस्त्यात डांबून ठेवला!”

“किती सालाची सजा?” मागून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

“रस्ता टिकेल तितकी,” सरही हसले. “पण खोदलात, फोडलात, की सुटलाच म्हणून समजा. सगळं मुसळ केरात. हात जोडून सांगतो, याला पहार लावू नका.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर गाडीत बसून नागपूरला गेले आणि मी हिरडबोडीत मागे राहिले.

मी म्हणजे अवंती खानझोडे, सरांची प्रकल्प सहायक. पदाचं नाव भारदस्त, काम एकच: रस्त्याकडे बघत राहायचं. भंडाऱ्याकडच्या त्या धानाच्या गावात आम्ही रस्त्याचा एक तुकडा केला होता. बोडीकडचा, म्हणजे गावतळ्याकडचा अर्धा भाग तणसाचं तेल घातलेल्या डांबराचा. शाळेकडचा अर्धा भाग साध्या डांबराचा. दोन्हींवरून तेच ट्रॅक्टर जाणार, दोन्हींवर तेच ऊन पडणार. दिवाळीनंतर पैसे देणाऱ्या समितीचे साहेब येऊन पाहणार. तणसाचा भाग साध्यापेक्षा कमी ठरला नाही, तर तेल काढायचं यंत्र हिरडबोडीतच बसणार आणि आसपासचं तणस जळायच्या ऐवजी तिथं जाणार.

दोन्ही भागांचा सांधा बरोबर कौतिकामायच्या सपरीसमोर, म्हणजे ओसरीसमोर, आला होता. मी तिच्याकडेच खोली घेऊन राहत होते. कौतिका कापगते. वय विचारलं तर “बोडी खोदली तवाची हावो मी” असं सांगायची. सपरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची खोडी काढणं हा तिचा दिवसभराचा उद्योग. फक्त धान निघाल्यानंतरचे दिवस ती गप्प असायची. हार्वेस्टर आल्यापासून शेतात मागे राहिलेलं तणस लोक तिथंच पेटवून देत, आणि कौतिकामायला दमा होता. त्या दिवसांत ओला पदर तोंडावर धरून ती आतल्या खोलीत बसायची आणि तिच्या छातीतली शिट्टी अंगणापर्यंत ऐकू यायची. आदल्या वर्षी तिला खाटेसकट उचलून दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

भाषण झालं त्या संध्याकाळी तिनं मला समोर बसवलं.

“यंत्र आलं तं लोकं तनस जाळनार नाही?”

“विकलं जाणारं तणस कोण जाळेल, माय?”

“अन् यंत्र कवा येईन?”

“रस्ता टिकला की.”

“म्हंजे माहा दम आता या रस्त्याच्या हाती,” ती म्हणाली आणि मुलगी पाहायला आलेल्या मुलाकडे पाहावं तसं तिनं रस्त्याकडे निरखून पाहिलं.

तिचं म्हणणं माझ्या हिशेबाला धरूनच होतं. तणसाचा रस्ता म्हटलं की लोकांना वाटतं, झालं, हवा वाचली. तसं नसतं. तणस गोळा करायला ट्रॅक्टर लागतो, भट्टी तापवायला इंधन लागतं, आणि तोही धूरच. रस्ता नेहमीच्या रस्त्याइतका टिकला तर तणसाचं पारडं जड. लवकर फुटला, तर पुन्हा खडी, पुन्हा भट्टी, पुन्हा डांबर, आणि कमावलेलं सगळं त्या धुरात गेलं. म्हणून मी ट्रॅक्टरच्या चाकांना आणि साचणाऱ्या पाण्याला घाबरून होते. पहारीला सर उगाच घाबरतात, असं माझं मत होतं. मी शहरात वाढलेली. रस्ता खोदायला सरकारी माणूस लागतो अशी माझी भाबडी समजूत.

पहिली पहार लग्नाच्या मांडवासाठी बसली. मी धावत गेले तोवर बांबू उभे राहून वर कापडसुद्धा चढलं होतं.

“भाऊ, प्रयोगाचा रस्ता आहे हा!” मी सरपंचांना म्हटलं.

“मॅडम, प्रयोग तुमचा, रस्ता आमचा,” हिवराजभाऊ शांतपणे म्हणाले. “अन् पोरीचं लगन का डांबर पाहून थांबते?”

त्यानंतर नळाच्या जोडणीसाठी एक चर पडला. मग कोणाच्या तरी बारशाचा मांडव आला. मग बैल बांधायला खुंट्या आल्या. मी प्रत्येक वेळी भांडायचे, प्रत्येक जण मला चहा पाजायचा आणि भोक तिथंच राहायचं. खूप दिवसांनी, एकदा सांध्यावर उभी असताना माझ्या ध्यानात आलं की सगळी भोकं शाळेकडच्या साध्या भागात आहेत. तणसाच्या भागावर ओरखडासुद्धा नव्हता. बारसं झालं ते घर बोडीकडचं होतं, तरी मांडव मात्र शाळेसमोर पडला होता.

हिवराजभाऊंनी तर कहर केला. त्यांची विहीर बोडीजवळ रस्त्याच्या अलीकडे, आणि शेत बरोबर समोर, पलीकडे. त्यांनी पाइप सरळ आडवा न नेता रस्त्याच्या कडेनं पार शाळेपर्यंत नेला, तिथं रस्ता फोडला आणि पलीकडून तेवढाच मागे आणला. मी त्यांना गाठलं.

“भाऊ, विहिरीजवळूनच नेला असता तर इतका पाइप लागला नसता.”

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“ततं कसा नेऊ जी? ततं तं डांबून ठेवलं हाये.”

“काय?”

“धूर! तुमच्याच सरांनी सांगतलं ना! साऱ्या गावाचा धूर कोंडला हाये आतमंदी. पहार मारली का सुटते. त्या दौलतनं बैल बांधाले तती नुसती खुंटी टेकवली, तं हप्ताभर खोकलत होता.”

“बैल?”

“दौलत.”

मला हसू आवरेना. पण मी विज्ञानाची पदवीधर. गावात असा गैरसमज पसरलेला पाहून माझ्यातली मास्तरीण जागी झाली. त्याच दिवशी ग्रामपंचायतीसमोर चार लोक जमवून मी समजावून सांगितलं की आत धूर नाही, कोणी कोंडलेलं नाही, डांबून ठेवणं ही फक्त बोलायची रीत आहे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस अशातली ही गत आहे. लोकांनी मन लावून ऐकलं. माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तणसाच्या भागाच्या अगदी कडेला दोन भोकं होती, आणि त्यातल्या एका भोकातल्या खुंटीला म्हैस बांधलेली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कौतिकामाय दुसऱ्या भोकात काठीनं माती दाबत होती. मला पाहताच ती कडाडली.

“तुले इथं शिकवाले धाडलं का रस्ता राखाले?”

“पण माय, लोक खोटं समजून बसलेत.”

“बसू दे ना! खऱ्यानं का भोक बुजते?”

म्हैस दुपारी सोडली गेली आणि तेही भोक बुजलं. संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती की म्हशीनं दूध चोरलं आणि मालकाच्या घशात खवखवतंय. पुन्हा तणसाच्या भागाकडे पहार घेऊन कोणी फिरकलं नाही. मी मात्र तोंड मिटलं. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं मी सरांना फोनवर सांगितलंसुद्धा. सर म्हणाले, “कशाबद्दल बोलतेस?” मी म्हटलं, “काही नाही सर, रस्ता छान आहे.”

दिवाळीनंतर मंडई भरली. भंडाऱ्याकडच्या या झाडीपट्टीत मंडई म्हणजे जत्रा, आणि जत्रा म्हणजे नाटक. नाटकाचा मंडप सांध्यावरच पडायचा होता, कारण जागा तिथंच मोठी. मंडपवाल्यांनी सगळ्या खुंट्या शाळेकडे ठोकल्या आणि बोडीकडच्या दोऱ्या कौतिकामायच्या चिंचेला बांधल्या. रंगमंच असा कलला की नाटकातला राजा अख्खा वेळ उतारावर उभा राहून न्याय देत होता.

पाठोपाठ केळापुरे साहेब आले. समितीचे तपासनीस. अंगानं किरकोळ, बोलायला तुसडे. त्यांच्याबरोबर रस्त्याला गोल भोक पाडून आतला दगडी दंडगोल, म्हणजे गाभा, बाहेर काढणारं यंत्र आणि ते चालवणारा माणूस. त्याच आठवड्यात तणस पेटायला सुरुवात झाली होती. दूरच्या शेतांवर करड्या रेघा उभ्या होत्या, आणि कौतिकामाय ओला पदर तोंडावर धरून, कोणाचं न ऐकता, सपरीत बसून होती.

साहेब रस्त्यावरून एक चक्कर मारून आले. पहिल्यांदाच हसले.

“वा! साध्या भागाची चाळण झालीय आणि तणसाचा भाग आरशासारखा! इतका फरक मी कुठंच पाहिला नाही.”

त्या वेळी गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं. कौतिकामायनं मला डोळ्यांनी तसं सांगितलंही. पण तपासणीत गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणंच, एवढं मला कळत होतं.

“साहेब, हा फरक डांबराचा नाही,” मी म्हटलं. “पहारीचा आहे. लोकांनी एकच बाजू खोदली.”

साहेबांचं हसू मावळलं. “मग मी तुलना कशाची करू? मांडवाच्या भोकांची?”

“दोन्हींच्या आतला गाभा काढून बघा. बाहेरून नका ठरवू.”

ते मिशी कुरवाळत राहिले. मग यंत्रवाल्याला म्हणाले, “आधी साधा काढ. मग तणसाचा. आतून तो घट्ट निघाला तर ठीक, नाही तर मी चाललो.”

साध्या भागात, दोन भोकांच्या मधली धड जागा शोधून, पहिला गाभा निघाला. चांगला होता. यंत्र तणसाच्या भागावर आलं तशी गर्दी मागे सरकली. हिवराजभाऊ पुढे आले.

“साहेब, ततं नका काढू. इकडचाच अजून एक घ्या ना. इकडे भोकं तयारच हायेत.”

“का?”

“आतमंदी धूर डांबला हाये जी.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिंचेकडे पाहिलं.

“चालू कर,” साहेब म्हणाले.

यंत्र गरगरू लागलं. त्याचं पातं तापू नये म्हणून नळीनं त्यावर सतत पाणी सोडावं लागतं. नेमकी ती नळी कोणाच्या तरी पायात येऊन निसटली. क्षणभर कोणाच्याच लक्षात आलं नाही. मग कोरडं पातं डांबरात कुरकुरलं, आणि त्या गोल भोकातून निळसर धूर वर आला. वासही आला, तणस जळाल्याचाच. तेल तणसाचं म्हटल्यावर वास दुसरा कुठला येणार?

“सुटला! सुटला रे!”

दौलत सगळ्यात पुढे पळाला. त्याच्यामागे अख्खं गाव. हिवराजभाऊंनी शाळेचं काटेरी कुंपण एका उडीत ओलांडलं; त्यांच्या पँटचा काही भाग मात्र कुंपणावरच राहिला. यंत्रवाल्यानं बटण बंद केलं. शाळेच्या मैदानातून ओरडा सुरू झाला.

“उखडा तो रस्ता!”

“ते तेलाचं यंत्र नको आमाले! आनखी धूर कोंडाले येतीन!”

“धानाच्या बांधीतच जाळू आमी, वाऱ्यावर तं जाते!”

केळापुरे साहेबांनी चष्मा पुसला. “मॅडम, गाव राजी नसेल तर यंत्र इथं देता येत नाही. नियम आहे. दुसऱ्या गावांची मागणी आहेच.”

आदल्या वर्षीची ती खाट मी पाहिलेली नव्हती, नुसती ऐकलेली होती. तरी ती मला त्या क्षणी रस्त्यावरून जाताना दिसली.

तेवढ्यात सपरीतून काठीचा आवाज आला. कौतिकामाय उठली होती. पदर तोंडावरून काढून तिनं कमरेला खोचला आणि ती रस्त्यावर उतरली.

“माय, मांगं हो!” मैदानातून हिवराजभाऊ ओरडले. “तुले दमा हाये!”

ती थांबली नाही. भोकातून धुराची बारीक रेघ अजून निघत होती. यंत्रवाला आपणहून बाजूला झाला. काठी टेकत ती गुडघ्यांवर बसली, मग हातांवर ओणवी झाली, आणि तिनं आपलं नाक सरळ त्या भोकावर नेलं. मी धावले, पण तिनं मागे न बघता हात वर करून मला थांबवलं.

तिनं श्वास घेतला. लांब. इतका लांब श्वास त्या बाईला घेता येतो हे मला माहीत नव्हतं. दौलतसुद्धा खोकायचा थांबला.

मग ती वर झाली. खोकली नाही. छातीतली शिट्टी होती तेवढीच वाजली.

“नाही कोनी आतमंदी,” तिनं मैदानाकडे तोंड करून सांगितलं. “लबाड बोलली मी. हिवराज, पहार मारली का धूर सुटून छातीत बसते, हे तुले कोनं सांगतलं?”

“सरांनी,” हिवराजभाऊ कुंपणापलीकडून म्हणाले. “नाही. तू सांगतलं, माय.”

“अन् दौलतले?”

“तूनंच,” दौलत पुटपुटला.

“अन् म्हशीचं?”

सगळ्यांना एकदमच आठवलं असावं. आधी कोणीतरी फिस्सकन हसलं, मग हसू पसरत गेलं आणि माणसं एकेक करून कुंपणाच्या फाटकातून बाहेर आली. हिवराजभाऊ शर्ट मागे ओढून धरत सगळ्यात शेवटी आले.

“मंग मी एवढा पाइप कायले फिरवला?” त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरं दुःख होतं. “उद्याच पहार आनतो. सरळ नेतो.”

“आणू नका,” केळापुरे साहेब म्हणाले.

नळी बसवून यंत्रवाल्यानं काम पुरं केलं होतं आणि गाभा साहेबांच्या हातात होता. त्यांनी तो उन्हात फिरवून पाहिला, नखानं खरवडला, पहिल्या गाभ्याशेजारी ठेवला. दोन्ही सारखेच घट्ट होते. कुठं फट नाही, कुठं पाणी मुरलेलं नाही.

“बाईंनी खोटं काय सांगितलं?” ते म्हणाले. “रस्ता खोदला की तो फुटणार, फुटला की पुन्हा भट्टी पेटवून नवा करावा लागणार, आणि जेवढा धूर यात कोंडला तेवढा पुन्हा आभाळात. म्हणजे पहार मारली की सुटतोच की.”

हिवराजभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

“मंग साहेब, आतमंदी हाये का नाही? एक काय ते सांगा.”

“आहे,” केळापुरे साहेब गंभीरपणे म्हणाले. “पण झोपलेला आहे. उठवू नका.”

पहार आली नाही. हिवराजभाऊंचा पाइप आजही शाळेला वळसा घालूनच जातो.

पुढच्या वर्षी धान निघाल्यावर मी पुन्हा गेले. बोडीपलीकडे यंत्राची शेड उभी राहिली होती आणि तिच्यासमोर तणसाचे भारे चढलेले ट्रॅक्टर रांगेत थांबले होते. सगळं जाळणं बंद झालं असं काही नाही. लांबवर दोन-चार रेघा उठत होत्याच. पण कौतिकामाय सपरीत बसली होती, पदर खांद्यावर होता, आणि दौलतची खोडी काढणं चालू होतं.

“माय,” मी तिच्याजवळ टेकत म्हटलं, “अख्ख्या गावाला वर्षभर बनवलंस. तू भारी डांबरट आहेस.”

“डांबर टाकलं तुमी अन् डांबरट मी?” ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी घाबरून पाणी आणलं. ते पिऊन ती आणखी हसली.

मग मी तिला वर्षभर मनात ठेवलेली गोष्ट विचारली.

“आत काही नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणून बरं. नाही तर नाक लावायची हिंमत कोणाला झाली असती?”

ती हसायची थांबली. रस्त्यावरून एक भरलेला ट्रॅक्टर गेला, तो पार दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

“कायचं पक्कं, बाई,” ती म्हणाली. “बोलली तवा लबाडच होतं ते. पन सालभर ज्याच्या त्याच्या तोंडून तेच आइकून मलेच खरं वाटाले लागलं होतं.”

“मग नाक कशाला लावलंस?”

“मंग दुसऱ्या कोनाचं लावू?”

आणि दौलतची चुकलेली गुंडी दिसल्याबरोबर ती तिकडे वळली.